उजवीकडची खोली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला मी बाकी सगळं सांगते, ऑफिसातल्या कुरबुरींपासून फ्रीजमधली बर्फी कुणी संपवली इथपर्यंत. खरं म्हणजे यातलं अर्धं सांगितलंय, आणि बऱ्याच जणांना सांगितलंय. त्या अर्ध्यावर टाळ्याही घेतल्यात. उरलेलं अर्धं आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

दिल्लीतल्या एका जुन्या, नामांकित हॉटेलात मी नोकरी करते. नाव राहू दे. इंग्रजांच्या काळातली पांढरीशुभ्र इमारत, उंच खांब, दारात फेटा बांधलेले दरबान. मी राहते फरीदाबादला. रोज मेट्रोत उभ्याने येते, धक्के खाते, आणि हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरून सिल्कची साडी नेसले की तासाभरापूर्वी जिला कुणी बसायला जागा दिली नव्हती ती बाई एकदम राजघराण्यातली दिसायला लागते. माझं काम गेस्ट रिलेशन्सचं. म्हणजे पाहुण्यांची विचारपूस करायची, रुसलेल्यांची समजूत काढायची. थोडक्यात काय, पगारी यजमानीण.

आमच्याकडे दोन नियम पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात. एक, पाहुण्याला ‘नाही’ म्हणून सांगायचं नाही. ‘मी बघते’ म्हणायचं. दुसरा, पाहुणा चुकतोय असं त्याला कधी वाटू द्यायचं नाही. त्याने गुलाबजामला रसगुल्ला म्हटलं तर हसून गुलाबजाम आणून द्यायचा, विषय संपला. आता नव्या मुलामुलींना हे नियम मीच शिकवते. आणि शिकवताना एक गोष्ट सांगते, कर्णिककाकांची.

ती अशी. पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहायला आले. पत्नी आदल्या वर्षी गेलेली. उदास होते, जेवत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले, आमच्या पंजाबी शेफला शेजारी उभं राहून साबुदाण्याची खिचडी करायला शिकवली. सकाळचा चहा वेटरच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन गेले, कारण त्यांच्या पत्नीला या हॉटेलात एक सकाळ आयता चहा प्यायचा होता हे त्यांनीच मला सांगितलं होतं. जाताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुलाने आमच्या व्यवस्थापनाला माझं भरभरून कौतुक कळवलं. मला सर्टिफिकेट मिळालं, ते अजून स्टाफच्या जिन्यात लावलेलं आहे.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच तर ही गोष्ट मला इतकी सहज सांगता येते.

आता राहिलेलं.

काकांचा फोन आला तेव्हा मीच उचलला. सुरुवात इंग्रजीत झाली, मी माझं नाव सांगितलं आणि ते लगेच मराठीत आले. परक्या गावात आपलं माणूस भेटल्यावर आवाज कसा सैल पडतो, तसा त्यांचा पडला. ते पूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला होते. त्यांच्या पत्नी, कुंदाकाकू, शाळेत शिकवायच्या, आणि रोज बसमधून जाताना आमचं हॉटेल त्यांना दिसायचं. दिल्लीहून बदली झाली तेव्हा काकूंनी एकच हट्ट धरला — जायच्या आधी एक रात्र तिथे राहायचं. एक सकाळ तरी दुसऱ्या कुणीतरी माझ्या हातात चहा आणून द्यावा, म्हणाल्या. राहिले दोघं. आता काकांना तीच खोली हवी होती. वरच्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडे वळल्यावर अगदी टोकाची. आत शिरताच उजव्या हाताला निळ्या फरशांची फायरप्लेस, आणि खिडकीसमोर काटेसावर. दिल्लीत तिला सेमल म्हणतात. त्या सकाळी ती लालभडक फुलली होती, आणि काकूंनी तिचं एक पडलेलं फूल पर्समध्ये घालून पुण्याला नेलं होतं. इतकं सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं, न अडखळता.

मी म्हटलं, काका, तीच खोली तुमच्यासाठी ठेवते. बिल्कुल काळजी करू नका.

आणि विसरले.

तेवढंच. दुसरं काही नाही. खोली त्यांच्या नावाने अडवून ठेवायची असते, आम्ही त्याला ब्लॉक करणं म्हणतो. संगणकावर दोन मिनिटांचं काम. मी करणारच होते. मग कुणीतरी बोलावलं, मग आणखी कुणीतरी. ती खोली एका लग्नाच्या वऱ्हाडाला गेली, सगळी उजवी बाजूच गेली. मला कळलं ते काकांची गाडी पोर्चमध्ये उभी राहिली तेव्हा.

तुम्ही काय केलं असतं? — मी सांगते कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं. हात जोडले असते, म्हटलं असतं, काका, चूक झाली माझी, विसरले. ते रागावले असते. कदाचित रागावलेही नसते. पण मी तेव्हा बढतीच्या वाटेवर होते, आणि ‘विसरले’ हा शब्द आमच्याकडे ‘नाही’पेक्षाही वाईट. शिवाय माझ्याकडे एक सोपी वाट होती. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत, आरशात पाहावं तशा. उजवीकडे टोकाची खोली, तशीच डावीकडे टोकाची खोली. तीच फायरप्लेस, त्याच निळ्या फरशा, तीच उंच खिडकी. फक्त सगळं उलट्या बाजूला, आणि खिडकी मागच्या लॉनऐवजी पुढच्या पोर्चकडे. कोण एवढं लक्षात ठेवतं?

मी त्यांना लिफ्टने नेलं. जिन्याने नाही — जिन्याने गेलो असतो तर डावीकडे वळताना त्यांना कळलं असतं. म्हणजे बघा, मी विचार करून केलं. दार उघडलं, आणि कसलीही खंत न वाटता म्हटलं, ही घ्या काका, तुमची खोली.

ते दारातच थांबले. अंगात जुना पण छान इस्त्री केलेला कोट, हातात छोटी बॅग. आत शिरताना त्यांचा उजवा हात पुढे झाला होता, फायरप्लेसच्या कठड्याला लावायला. तिथे भिंत होती. तो हात काही क्षण तसाच राहिला, मग खाली आला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि अगदी हळू विचारलं,

“फायरप्लेस उजवीकडे होती ना गं?”

“डावीकडेच आहे काका, पहिल्यापासून.”

ते खिडकीशी गेले. खाली पोर्च, गाड्या, त्यापलीकडे रस्ता.

“आणि सावर?”

इथे मी थांबू शकले असते. निदान झाड वादळात पडलं एवढं तरी म्हणू शकले असते. खोटंच बोलायचं होतं ना? मग त्यातल्या त्यात दयेचं खोटं बोलायचं. झाड पडलं असतं, पण ते होतं एवढं तरी त्यांच्यापाशी राहिलं असतं. पण मला भीती वाटली, की ते एखाद्या माळ्याला विचारतील, आणि माळी म्हणेल इथे कुठलं झाड? म्हणून मी म्हटलं,

“या बाजूला झाड नव्हतंच कधी, काका. दुसरीकडचं काहीतरी मनात राहिलं असेल. इतक्या वर्षांनी होतं असं.”

काका पलंगाच्या कडेवर बसले. “होत असेल,” म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसले, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

पाहुणा चुकतोय असं त्याला वाटू द्यायचं नाही. हाच ना नियम?

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे आज लिहीत बसले नसते. हॉटेलात छोटी-मोठी थाप रोज मारावी लागते. पण दुपारी मी त्यांना पुढच्या लॉनवर चहाला घेऊन बसले. फेब्रुवारीचं ऊन, दिल्लीत वर्षभरात मिळणारं सगळ्यात चांगलं. मागच्या लॉनवर लग्नाचा मांडव पडला होता, तिकडचा रस्ता कापडी कनातीने बंद होता. ती सावर त्या मागच्या लॉनच्या कोपऱ्यात, उजव्या बाजूच्या खिडक्यांसमोर उभी आहे. आजही आहे. काका चहा पीत होते तेव्हा कनातीपलीकडे तिची फुलं पडत होती. मी सकाळी स्वतः पाहिली होती, मांडववाले ती झाडून बाजूला करत होते.

काकांनी कप खाली ठेवला आणि बोलायला लागले. मुलगा अभय गुरुग्रामला, आयटीत. आई गेल्यापासून तो मागे लागला होता की पुण्याचं घर बंद करा, माझ्याकडे या. काका विसरायला लागलेत असं त्याचं म्हणणं. एकदा गॅस चालू राहिला, एकदा बँकेतून परतताना ते भलत्याच बसमध्ये बसले. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. काकांचं म्हणणं, अरे, ही माझी जुनीच सवय आहे, कुंदा होती म्हणून तुम्हाला दिसली नाही. बाप-लेकांचं यावरून चांगलंच वाजलं होतं. शेवटी काकांनी अभयला म्हटलं, मला एकदा त्या हॉटेलात जाऊ दे. ती खोली मला जशीच्या तशी पाठ आहे. अभय हॉटेलवर सोडायला आला तेव्हा गाडीतही त्यांनी ती त्याला वर्णन करून सांगितली होती, उजव्या-डाव्यासकट. ती तशी निघाली तर मी ठीक आहे, म्हणाले, आणि मी माझ्या घरी राहणार. नाही निघाली तर तू म्हणशील तसं.

हे सांगून त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, बरं झालं इथे तू भेटलीस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. आपल्या माणसाने सांगितलं की पटतं.

तेव्हा मला सगळं कळलं होतं, हे लक्षात घ्या. खोलीत खोटं बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं. लॉनवर माहीत झालं. कनात बाजूला सारून त्यांना चार पावलं चालवलं असतं तरी पुरलं असतं. काका, ते बघा झाड. इतकंच बोलायचं होतं. माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? मी विचारलं, “काका, अजून चहा?”

मग मी त्यांची सेवा सुरू केली. खिचडी त्यानंतरची आहे. सकाळचा चहा त्यानंतरचा. ट्रेवर मी गुलाबाची कळीसुद्धा ठेवली होती. मी शिकवते त्या गोष्टीत हे सगळं मायेपोटी झालं असं वाटतं, आणि माया नव्हती असं नाही. मला ते मनापासून आवडले होते. रात्री घरी गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलंही, आज एक इतके गोड काका आलेत. पण त्या खिचडीत माया किती आणि भीती किती, ते माझं मला माहीत. काकांनी ती थोडीशी खाल्ली, माझं मन राखायला. छान झालीय म्हणाले. दाण्याचं कूट जाडसर राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अभय न्यायला आला. भला माणूस. डोळ्यांखाली काळं, फोन सारखा वाजतोय, तरी बापाची बॅग त्याने दरबानाच्या हाती दिली नाही, स्वतः उचलली. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, बाबांनी जास्त त्रास तर नाही ना दिला? हल्ली थोडं कन्फ्यूज होतात यार, बुरा मत मानना.”

“बिल्कुल नाही,” मी म्हटलं.

काका तोवर आमच्याजवळ आले होते. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि माझ्यादेखत म्हणाले, “तू म्हणत होतास ते बरोबर आहे, अभय. माझ्या काही लक्षात राहत नाही आता. खोली निराळीच निघाली.”

अभय जिंकला होता, आणि त्याचा चेहरा पडला. त्यालाही ती खोली तशीच निघायला हवी होती, हे मला त्या क्षणी दिसलं. तो म्हणाला, जाऊ दे बाबा, होतं असं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दोन्ही हात जोडून, शिकवल्याप्रमाणे, गाडी दिसेनाशी होईपर्यंत पोर्चमध्ये उभी राहिले.

वऱ्हाड गेल्यावर मी उजवीकडच्या खोलीत गेले. का गेले? — बहुधा मला वाटत होतं की काकांचं खरंच काहीतरी चुकलेलं असेल. एखादी तरी गोष्ट. फरशा हिरव्या निघाव्यात, खिडकी छोटी निघावी. दार उघडलं, उजवा हात पुढे केला, तो फायरप्लेसच्या कठड्यावर पडला. समोर खिडकीभर सावर. पान एकही नाही, नुसती लाल. तिच्यावर मैनांची गर्दी आणि नुसता गोंगाट. मी पलंगावर बसून रडले. मग तोंड धुतलं, काजळ नीट केलं, आणि खाली गेले. काकांचा नंबर माझ्याकडे होता. तो मी लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुण्याचं घर गेलं. अभयने आपल्या कौतुकाच्या निरोपातच ते कळवलं होतं, की बाबा आता आमच्याकडे राहायला आलेत आणि याचं बरंचसं श्रेय तुमच्या हॉटेलला, तिथे त्यांना स्वतःहून पटलं. आमच्या जनरल मॅनेजरनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणं विचित्र दिसलं असतं.

मग काही दिवस मी स्वतःला समजावलं, की ते नाहीतरी विसरतच होते. आज ना उद्या जावंच लागलं असतं. मुलाकडेच गेले, रस्त्यावर नाही. हे सगळं खरंही असेल. पण त्या दिवशी त्यांना सगळं आठवत होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांनी अभय त्यांना वाढदिवसाला जेवायला घेऊन आला. या वेळी मांडव नव्हता. मागच्या लॉनवर टेबल लावलं होतं, पुन्हा फेब्रुवारी. काका खूप वाळले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. अभयने ओळख करून दिली तेव्हा त्यांनी अगदी अदबीने नमस्कार केला. अभय फोनवर बोलायला दूर गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. काका वर बघत होते. एक फूल धप्पकन टेबलापाशी पडलं. त्यांनी वाकून ते उचललं, उलटंसुलटं केलं, आणि मला म्हणाले,

“हे झाड मला ओळखीचं वाटतंय गं.” मग लगेच, माझी माफी मागावी तसे, “पण तू मनावर घेऊ नकोस. हल्ली मला काहीही ओळखीचं वाटतं.”

लॉनवर कुणी नव्हतं. माझी बढती होऊन गेली होती. घाबरायला काहीच उरलं नव्हतं. मग काय अडलं? — मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, “सुंदर आहे ना, काका?” आणि त्यांच्या कपात चहा ओतला. ते फूल त्यांनी तिथेच, बशीशेजारी, नीट ठेवून दिलं. सोबत नेलं नाही.

पुढच्या थंडीत ते गेले. अभयचा मेसेज आला, त्यात त्याने माझे पुन्हा आभार मानले होते.

परवा नव्या बॅचला मी परत तीच गोष्ट सांगितली. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, मॅम, त्यांना मग तीच खोली मिळाली होती ना? मी म्हटलं, हो.

नाही. त्यांची खोली उजवीकडची होती. फायरप्लेस उजव्या हाताला होती. खिडकीसमोर सावर होती, आणि फुललेली होती. काका, तुमचं काहीही चुकलं नव्हतं.